मदत हवी आहे: नदीकाठची 'बँक' आणि पैशांची 'बँक' हा एकच शब्द की दोन?

अक्षरवेल्हाळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांवर एक छोटी पुस्तिका करते आहे. एका पानावर एक ओळखीचा शब्द, त्याचे निरनिराळे अर्थ आणि ते अर्थ आले कुठून याची गोष्ट, एवढंच. शब्द मुद्दाम रोजच्या वापरातले घेतलेत. बरीचशी पानं मार्गी लागली, पण 'बँक'पाशी गाडं अडलंय.

मोठ्या कोशात पाहिलं तर बँक हे नाम एकदा नाही, तीनदा येतं, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक आकडा टाकून. एक नदीचा काठ, उतार, वाळूचा उंचवटा. एक पैशांची. आणि एक ओळीने बसवलेल्या वस्तूंची, म्हणजे बटणांची बँक, लिफ्टची बँक वगैरे. असे आकडे टाकून नोंदी वेगळ्या केल्या की त्याचा अर्थ सरळ असतो: दिसायला सारखे असले तरी हे निरनिराळे शब्द आहेत. ठीक. पण त्याच नोंदींतली व्युत्पत्ती वाचत मागे मागे गेलं की तिन्ही वाटा एकाच जुन्या जर्मानिक मुळाशी जाऊन मिळतात. मग वेगळे कसे?

मुलांना मला ठामपणे काहीतरी सांगायचंय. "हे तीन वेगळे शब्द आहेत" असं लिहिलं तर एखादं चौकस पोर मूळ शोधून मलाच विचारेल. "एकच शब्द आहे" म्हटलं तर कोशाशी भांडण.

शिवाय या फुटकळ शंका आहेतच. काठाचा आणि पैशांचा संबंध जोडायचा तो कशाच्या आधारावर? विमान वळताना एका बाजूला कलतं त्यालाही बँक म्हणतात, ते कोणत्या नोंदीत जाणार? आणि दिवाळं निघालेल्या सावकाराचा बाक लोक फोडायचे, त्यावरून 'बँकरप्ट' आला, ही गोष्ट खरी की रचलेली? छापायला छान आहे, म्हणूनच जास्त भीती वाटते.

जाणकारांनी कृपया मदत करावी.

---

तिरकस

बँक सोडा, 'सेट' घ्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. चारशेहून जास्त अर्थ, साठ हजारांच्या आसपास शब्द. पुस्तिकेचा खंड दुसरा, तिसरा, सगळं त्यातच होईल.

---

अक्षरवेल्हाळ

तिरकस, एका पानाची मर्यादा आहे हो! 

---

कोशकीटक

प्रश्न चांगला आहे. तुम्ही ज्याला विसंगती म्हणताय ती विसंगती नाही, पण कोश ती उलगडून सांगत नाहीत हेही खरं. जरा सविस्तर लिहितो.

मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ बहुधा लांबट उंचवटा, कड असा काहीतरी असावा. मातीचा उंचवटा असला की तो बांध किंवा काठ. बसण्यासाठी केलेला असला की बाक. म्हणजे काठ आणि बाक यांच्यात आकाराचं साम्य आहे, पैशांचा तिथे अजून पत्ताच नाही.

आता हा शब्द इंग्रजीत एकदाच आला असता तर तुमचं पान दहा मिनिटांत झालं असतं. तो आला चार वेळा.

जुन्या इंग्रजीत त्याचं घरचं रूप होतंच: 'बेंक'. त्याचाच पुढे 'बेंच' झाला. हा कुठून आणावा लागला नाही.

मग स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या बोलीतून काठाचा बँक आला. आजही डॅनिश भाषेत 'बाके' आणि स्वीडिश भाषेत 'बाके'सारखाच शब्द टेकडी, चढ या अर्थाने वापरतात. सुमारे १२०० पासून इंग्रजीत हा काठवाला बँक दिसतो.

तिसरी वाट लांबची. हाच जर्मानिक शब्द दक्षिणेत इटलीत पोचला आणि तिथे 'बांको', 'बांका' झाला. अर्थ बाक, मेज. सराफ मेजावर नाणी मांडून बदलून द्यायचे, म्हणून त्या मेजाचं नाव त्या धंद्याला पडलं. इटालियनमधून फ्रेंच 'बांक' आणि तिथून पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी. जेनोव्हाची सेंट जॉर्ज बँक १४०७ ची, सिएनाची माँते देई पास्की १४७२ ची. म्हणजे इंग्रजांनी शब्द उचलला तेव्हा तिकडे हा धंदा चांगला मुरलेला होता. बँक ऑफ इंग्लंड निघाली १६९४ मध्ये.

चौथी वाट वल्ह्यांची, आणि माझ्या मते मुलांना हीच सगळ्यात आवडेल. जुन्या फ्रेंचमध्ये 'बां' म्हणजे बाक. मोठ्या वल्ह्यांच्या जहाजांत वल्हेकरी बाकांवर रांगेने बसायचे. त्या बाकावरून वल्ह्यांच्या रांगेलाच बँक म्हणू लागले. वल्ही गेली, रांग उरली. लिफ्टची बँक ती हीच. चित्रकार कोणी असेल तर एका बाजूला वल्हेकरी आणि दुसऱ्या बाजूला लिफ्टची दारं काढून घ्या, काम फत्ते.

तेव्हा कोशातले आकडे मूळपुरुष कोण हे सांगत नाहीत. शब्द इंग्रजीत कोणत्या दाराने आला ते सांगतात. मूळपुरुषावरून नोंदी करायच्या म्हटल्या तर 'बेंच' आणि 'बँक' एकाच नोंदीत कोंबावे लागतील, आणि मग कोश कोणाच्याच उपयोगाचा राहणार नाही.

---

अक्षरवेल्हाळ

वा! "कोणत्या दाराने आला" हे मुलांना बरोबर कळेल. मनापासून धन्यवाद. विमान आणि बँकरप्ट राहिलं.

---

कोशकीटक

विमान काठाच्या नोंदीत. काठ म्हणजे उतार, उतारावरून कलणं, वळणावर रस्त्याची एक बाजू उचलून घेतात तेही बँकिंग, आणि तिथून विमान. चुलीतली किंवा भट्टीतली आग रात्रभर धुमसत राहावी म्हणून तिच्यावर राखेचा ढीग ओढतात, त्यालाही इंग्रजीत बँक करणं म्हणतात. तेही याच घरातलं: ढीग, उंचवटा.

बँकरप्टबद्दल: इटालियन 'बांका रोत्ता', शब्दशः मोडलेला बाक, इथवर पक्कं. इंग्रजीत शेवटचा 'प्ट' लॅटिनच्या वळणावर नेऊन बसवला. पण प्रत्यक्ष बाक फोडायचे हे सिद्ध झालेलं नाही. आपणही धंदा 'मोडला' म्हणतो, म्हणून कोणी हातोडा घेऊन गेलेलं नसतं. पानावर "मोडलेला बाक" एवढंच ठेवा, फोडाफोडीचं चित्र काढू नका.

---

सांजसावली

पुस्तिका मराठी मुलांसाठी आहे ना? मग घरातला पाहुणा विसरू नका. आपला बाक! वर्गातला बाक. पोर्तुगीज 'बांको'वरून आलेला आहे तो, म्हणजे पैशांच्या बँकेचा सख्खा चुलतभाऊ. कोकणीत तर अजून 'बांक' असा अनुस्वारासकट नांदतो. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये आजही बांको म्हणजे बाकही आणि बँकही.

जर्मनमध्ये याहून मजा आहे. एकवचनात 'बांक' म्हणजे दोन्ही. अनेकवचन करायला गेलं की गुपित फुटतं: बाक असतील तर 'बेंकं', बँका असतील तर 'बांकन'. आणि ग्रीकांचा तर या जर्मानिक शब्दाशी संबंधच नाही, तरी त्यांनी तीच युक्ती केली. ग्रीकमध्ये बँकेला 'त्रापेझा' म्हणतात. मूळ अर्थ मेज, त्याहून मूळ अर्थ चार पायांचं. भूमितीतला ट्रॅपेझियम तोच. मेजामागे बसून पैसे मोजणारा माणूस सगळीकडे सारखाच दिसला असणार.

---

तिरकस

मेजवानीसुद्धा यातलीच ना? 'बँक्वेट'?

---

सांजसावली

हो. इटालियन 'बांकेत्तो', छोटा बाक. आधी बहुधा किरकोळ खाणं, मग भाव वधारला. आणि 'माउंटबँक' म्हणजे भोंदू वैद्य: 'मोंता इन बांको', बाकावर चढ! गर्दीत बाकावर उभं राहून औषधं विकणारा. हा शब्द मुलांना आवडेल याची खात्री देते.

---

अक्षरवेल्हाळ

आता पानाची दोन पानं होणार असं दिसतंय. बाकाबद्दल तर खास आभार, तो वर्गातच बसलाय आणि मी बाहेर शोधत होते.

एक पुढची शंका. बँकेचं 'एक मूळ, अनेक दारं' असं झालं. पण काही शब्द निव्वळ अपघाताने सारखे झालेले असतात आणि काही खरंच एकच असून अर्थ फाटलेले असतात, बरोबर? दोन्ही जातींतला प्रत्येकी एखादा ओळखीचा शब्द सुचवाल का? म्हणजे बँकेच्या अलीकडे-पलीकडे ते ठेवता येतील.

---

कोशकीटक

अपघाताचा: मॅच. काडेपेटीतली मॅच फ्रेंचमधून आली, मूळ अर्थ वात. जॉन वॉकरने घासून पेटणाऱ्या काड्या १८२७ मध्ये विकायला काढल्या, पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे, तेव्हा मॅच म्हणजे मेणबत्तीची वात किंवा बंदुकीला बत्ती द्यायची जळती दोरी. तोड्याची बंदूक म्हणतो ना आपण, तिचं इंग्रजी नाव 'मॅचलॉक'. त्यातला तोडा म्हणजे मॅच. खेळाची मॅच मात्र अस्सल इंग्रजी, जुना अर्थ जोडीदार, तोडीचा माणूस. तोडीस तोड भेटले की सामना. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही.

बॅटही चालेल. चेंडू मारायची बॅट म्हणजे दांडका, जुनाच शब्द. वटवाघळाला इंग्रजीत आधी 'बाक'सारखं काहीतरी म्हणत, त्याचं पुढे बॅट झालं. पण वरच्या बाकामुळे मुलं गोंधळतील, मॅचच घ्या.

एकच असून फाटलेला: फास्ट. हा माझा लाडका. मूळ अर्थ घट्ट, पक्का. कपड्याचा रंग फास्ट म्हणजे न जाणारा. गाढ झोप ती फास्ट झोप. मग भरभर पळणारा फास्ट कसा झाला? घट्ट धरणं, जोर लावणं, नेटाने पळणं, नेटाने म्हणून वेगाने. स्थिर असण्याचा शब्द पळण्याला चिकटला. आणि उपासालाही फास्टच म्हणतात, कारण तिथे माणूस नेम घट्ट धरून बसतो. सकाळी तो मोडला की 'ब्रेकफास्ट'.

---

गणिती

फाइनसुद्धा याच पंक्तीत. छान तो फाइन आणि दंड तोही फाइन, मूळ एकच: लॅटिन 'फिनिस', शेवट. शेवटपर्यंत नेलेलं, पूर्णत्वाला पोचलेलं ते छान. आणि वाद संपवण्यासाठी भरायची रक्कम ती दंड. 'फायनान्स'ही त्याच शेवटातून, देणं चुकतं करण्यावरून. बँकेच्या पानाला लागून ठेवा, शोभेल.

आणि तिरकस, तुमच्या सेटमध्येही गोम आहे. ठेवणं, बसवणं हे क्रियापद जुनं इंग्रजी. कपबशांचा सेट मात्र फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्ता'वरून, म्हणजे पंथ, अनुयायांचा गट. 'सेक्ट'चा भाऊ. दोघे इतके वर्षं शेजारी राहिले की कोणाचं काय हे आता वेगळं काढणं अवघड.

---

तिरकस

म्हणजे आमच्या गणिताच्या पुस्तकातला संच पंथीय निघाला. धन्य.

---

अक्षरवेल्हाळ

मॅच आधी, बँक मध्ये, फास्ट शेवटी असा क्रम नक्की केला. फाइनचं पान वेगळं करते.

शेवटचं एक. न्यायाधीशांचं बेंच घरच्याच बेंचच्या खात्यात ना? की तेही कुठून फिरून आलंय?

---

कोशकीटक

घरच्याच. न्यायाधीश ज्यावर बसतात ते आसन, मग तिथे बसणारे न्यायाधीश. इंग्लंडातल्या एका जुन्या न्यायालयाचं नावच 'किंग्ज बेंच'.

---

सांजसावली

आणि आपण त्याला खंडपीठ म्हणतो. पीठ म्हणजे आसन. त्याच पीठाच्या 'पीठिका' या रूपावरून आपली 'पेढी' आली, सराफाची. रक्त साठवायची जागा १९३७ मध्ये शिकागोत बर्नार्ड फँटस यांनी 'ब्लड बँक' म्हणून सुरू केली, तिचं मराठी करतानाही आपण बँक न ठेवता 'रक्तपेढी' केलं. म्हणजे तिकडे बेंच आणि बँक एका मुळाचे, इकडे खंडपीठ आणि पेढी एका मुळाची, आणि दोन्हीकडे ते मूळ बसायची जागाच. अक्षरवेल्हाळ, यासाठी खाली एक चौकट ठेवा.

---

अक्षरवेल्हाळ

ठेवली! वल्हेकऱ्यांचं चित्र थोडं लहान करावं लागेल, पण ठेवली.