पत्त्यांचा प्रयोग जागतिक स्पर्धेत कोणत्या विभागात सादर करावा?

प्रश्न :
पत्त्यांच्या हातचलाखीवर माझी बरीच वर्षे मेहनत झाली आहे आणि पुढे फिझम या जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोहोचण्याची इच्छा आहे. माझा प्रयोग टेबलाजवळ सुरू होतो. परंतु शेवटी उभे राहून रिकाम्या हातांत पत्त्यांचे पंखे (पंख्यासारखे पसरलेले पत्ते) प्रकट करतो. अशा प्रयोगासाठी क्लोज-अप (प्रेक्षकांच्या अगदी जवळून दाखवायची जादू) निवडावा की रंगमंच?

उत्तर १ :
साहित्यावरून विभाग ठरवू नका. २०१२ साली ब्लॅकपूल येथील याच स्पर्धेत यू हो-जिन यांनी पत्त्यांच्याच बळावर रंगमंचाचे ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक, जिंकले, तर क्लोज-अपचे ग्रां प्री यान फ्रिश यांना पेला आणि चेंडू या अतिप्राचीन प्रयोगाच्या अगदी नव्या मांडणीसाठी मिळाले. चमत्कार घडतो तो प्रेक्षकापासून किती अंतरावर, हे पाहा. तुमच्या पंख्यांना बाजूने पाहणारा डोळा सोसत नसेल, तर जवळ बसलेल्या प्रेक्षकांसमोर तो शेवट टिकणार नाही. गुण देताना तांत्रिक कौशल्याबरोबरच सादरीकरण, रंजकता, रचना, मौलिकता आणि जादूचे वातावरण यांचाही विचार होतो, त्यामुळे केवळ अवघड हालचालींवर भिस्त ठेवू नये.

उत्तर २ :
वरील मताशी सहमत आहे, फक्त मौलिकतेची दुसरी बाजूही लक्षात असू द्यावी. स्वीडिश जादूगार लेनार्ट ग्रीन यांची पत्ते हाताळण्याची पद्धत मुद्दाम इतकी विस्कळीत वाटणारी होती की, १९८८ साली हेग येथील फिझम स्पर्धेत पत्ते पिसणारे प्रेक्षक त्यांना सामील असावेत अशा समजुतीने परीक्षकांनी त्यांना बाद केले. १९९१ साली लोझानला त्यांनी परीक्षकांकडूनच पत्ते पिसून घेतले आणि पत्त्यांच्या विभागात पहिला क्रमांक मिळवला. म्हणून, संशयाला जागा राहील असा प्रत्येक क्षण प्रयोगातच मोकळा करून दाखवा; नंतर खुलासा करण्याची संधी मिळत नाही.

उत्तर ३ :
पार्लर (बैठकीतल्या छोट्या प्रेक्षकवर्गासमोरची जादू) या उपविभागाचा विचार केलात का? तो क्लोज-अपमध्येच मोडतो, पण उभे राहून सादर करता येतो, आणि आपल्या वर्णनावरून तोच अधिक जुळतो. प्रयोग पाच ते दहा मिनिटांत बसवावा लागतो. त्यातही मी सहा-सात मिनिटेच सुचवेन, कारण स्पर्धेत लांबलेला मधला भाग हमखास गुण खातो. थेट जागतिक फेरीत प्रवेश नसून आधी खंडीय स्पर्धेतून पात्र ठरावे लागते, तेव्हा तिथल्या परीक्षकांची टिपणे मागून घ्यावीत.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. पार्लरच्या दृष्टीने टेबल पूर्ण काढून पाहतो आणि पंख्यांचा शेवट दोन्ही बाजूंनी चित्रित करून तपासतो.