प्रशिक्षणाला हजर होण्यापूर्वी पाठीवर वजन घेऊन लांब चालण्याचा सराव कसा करावा?

प्रश्न : कोरेगावचा उमेदवार

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याचा असून माझे वय १९ वर्षे आणि वजन ६२ किलो आहे. अग्निवीर भरतीत माझी निवड झाली असून साधारण ३ महिन्यांनी मला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात हजर व्हायचे आहे. भरतीच्या मैदानावर मी १६०० मीटर ५ मिनिटे २० सेकंदांत पळालो आणि बीमवर १० पुल-अप काढले, त्यामुळे दोन्हींचे पूर्ण गुण मिळाले. मात्र गेली २ वर्षे आमचा सारा सराव याच दोन गोष्टींचा होता. पाठीवर ओझे घेऊन मी कधी १ किलोमीटरही चाललो नव्हतो. गावातील माजी सैनिक सांगतात, की पिट्ठू (सैनिकाची पाठीवरची पिशवी) आणि रायफल घेऊन करायचा रूट मार्च १० किलोमीटरपासून सुरू होतो आणि पुढे ३०-४० किलोमीटरपर्यंत जातो, आणि तिथे चांगले पळणारी मुलेही पायांनी हार खातात.

हे ऐकून मी एका जुन्या दप्तरात २० किलो वाळू भरली आणि ती घेऊन सलग ६ दिवस डांबरी रस्त्यावर रोज ५ किलोमीटर पळालो. सातव्या दिवशी उजवी नडगी आतल्या बाजूने दुखू लागली. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना जास्त दुखते आणि थोडे चालल्यावर कमी होते. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले आहेत ते वेगळेच. सराव थांबवला तर मागे पडेन आणि चालू ठेवला तर पाय जाईल, अशी भीती वाटते. किती वजन घ्यावे, आठवड्यातून किती वेळा चालावे आणि बूट कोणते वापरावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त हवालदार, कराड

सर्वप्रथम तुझे मनापासून अभिनंदन. मी मराठा रेजिमेंटमधूनच निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुझी घालमेल मला समजते. तू दोन चुका एकदम केल्यास: पहिल्याच दिवशी शरीराच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढे वजन उचललेस आणि ते घेऊन पळालास. वजन घेऊन पळणे हा पुढचा धडा आहे. बीपीईटीमध्ये, म्हणजे लष्कराच्या युद्धसज्ज शारीरिक क्षमता चाचणीत, ५ किलोमीटरची धाव साज आणि हत्यारासह असते हे खरे, पण ती कशी काढायची ते उस्ताद तिथे टप्प्याटप्प्याने शिकवतात आणि त्यासाठी ३१ आठवड्यांचे प्रशिक्षण असते. घरून तू चालण्याची सवय घेऊन जायचे आहेस, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही पाय धडधाकट घेऊन जायचे आहेस. हजर झाल्यावर पहिल्या महिन्यात मोडलेला पाय मुलाला त्याच्या तुकडीपासून मागे ठेवतो, आणि ते दुःख मी फार जवळून पाहिले आहे.

नडगी पूर्ण बरी झाल्यावर ६ किलोने सुरुवात कर. आठवड्यातून एकच दिवस, ४ ते ५ किलोमीटर, मातीच्या रस्त्याने, किलोमीटरला साधारण ११ मिनिटे लागतील अशा चालीने चालायचे. अंतर, वजन आणि चढ या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढव. ज्या आठवड्यात अंतर वाढवलेस, त्या आठवड्यात वजन तेवढेच राहू दे. दोन आठवड्यांनी १ ते २ किलो वाढवणे पुष्कळ झाले. बाकीच्या दिवशी बिनवजनाची धाव, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार आणि पाठ-पोटाचे व्यायाम चालू ठेव. आणि एक गोष्ट शेतकऱ्याच्या मुलाला मुद्दाम सांगावी लागते, कारण आपण ती मोजतच नाही: ज्या दिवशी दिवसभर उसाच्या मोळ्या वाहिल्यास, तो विश्रांतीचा दिवस नव्हे.

वाळू दप्तरात सुटी भरू नकोस. ती तळाशी बसते, ओझे मागे खेचते आणि माणूस कमरेतून वाकतो. २-२ किलोच्या पिशव्या घट्ट बांध, घोंगडीत किंवा चादरीत गुंडाळ आणि दोन्ही खांदेफळांच्या मध्ये, पाठीला चिकटून बसतील अशा रच. साताऱ्याला जाणे होत असेल, तर अजिंक्यताऱ्याचा चढ यासाठी उत्तम आहे, पण तिथे वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या ने आणि वर पोहोचल्यावर ते पाणी एखाद्या झाडाला घालून रिकाम्या पिशवीने खाली ये. चढ फुप्फुसांची आणि मांड्यांची परीक्षा घेतो, तर गुडघ्यांना आणि नडग्यांना दणका उतारावर बसतो, म्हणून सुरुवातीचे दोन महिने तरी भरल्या पिट्ठूने उतरू नये.

केंद्रात बूट मिळतीलच. तोवर घोटा झाकणारे कोणतेही मजबूत बूट घे आणि आधी घरात व शिवारात रोज अर्धा-पाऊण तास घालून ते पायाला बसवून घे. आत पातळ मोजा आणि बाहेर जाड लोकरी मोजा घातला, म्हणजे घर्षण कातडीऐवजी दोन मोज्यांमध्ये होते. चालताना एखाद्या जागी चटका बसल्यासारखे वाटले, की त्याच क्षणी थांबून, बूट काढून, पाय कोरडा करून तिथे सर्जिकल टेप लावायची. फोड येण्यापूर्वी थांबलेली २ मिनिटे पुढचे ४ दिवस वाचवतात. फोड आलाच तर त्यावरची कातडी ओढून काढू नकोस.

उत्तर २ : फिजिओथेरपिस्ट, पुणे

वरील उत्तराशी मी सहमत आहे. नडगीविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. ताण पडल्यावर हाड मजबूत होते हे खरे असले, तरी ते लगेच होत नाही. शरीर आधी जुना भाग झिजवून काढते आणि नवे हाड त्यानंतर, बऱ्याच सावकाश भरते. त्यामुळे अचानक ताण वाढल्यावरच्या पहिल्या ३-४ आठवड्यांत हाड उलट नाजूक असते, आणि नेमक्या याच काळात उत्साही मुले वजन वाढवत नेतात. स्नायू आणि दम यांची सुधारणा लवकर जाणवत असल्याने, हाडही तेवढेच तयार झाले आहे असा त्यांचा समज होतो.

आपण एक साधी तपासणी करून पाहावी. नडगीच्या आतल्या कडेवरून बोटाने सावकाश दाबत जावे. दुखणे चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात पसरलेले असेल, तर ती बहुधा हाडाच्या आवरणाला आलेली सूज असते आणि विश्रांतीने ती उतरते. परंतु एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी तीव्र कळ येत असेल, चालल्याने ती वाढत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शक्यता असते. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे टाळू नये. सुरुवातीच्या काळात एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टरांना दुखण्याचे पूर्ण वर्णन सांगावे. वेदनाशामक गोळी घेऊन सराव मात्र कधीही करू नये, कारण शरीर देत असलेला इशाराच त्याने बंद होतो.

पट्ट्यांचे वळ काही दिवसांत जातील, पण वजन घेतल्यावर हाताला मुंग्या येत असतील किंवा हात वर उचलताना बळ कमी वाटत असेल, तर पट्टी खांद्याजवळील नसांवर दाब देत आहे असे समजून वजन तिथेच उतरवावे. रुंद पट्ट्यांची आणि कमरेला पट्टा असलेली सॅक घ्यावी, म्हणजे भाराचा मोठा भाग कमरेच्या हाडांवर येतो. आहारात दूध आणि नाचणी असावी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही त्याची कमतरता पुष्कळ जणांत आढळते. उन्हाळ्यात सकाळी ६ च्या आत निघावे. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते सोबत ठेवावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मिठाचे प्रमाण वाढवू नये.

प्रश्नकर्ता :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बोटाने दाबून पाहिले असता दुखणे पट्ट्यात पसरलेले आहे, तरीही काल डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनीही चीर नसल्याचे सांगितले आहे, परंतु ३ आठवडे पळणे आणि वजन पूर्ण बंद करून सायकल चालवायला सांगितले आहे. म्हणजे माझ्या हातात ९ आठवडेच उरतात, आणि तुम्ही सांगितलेल्या गतीने मी जेमतेम १० ते १२ किलोपर्यंत पोहोचेन. एवढ्यावर तिथे निभावेल का?

निवृत्त हवालदार, कराड :

निभावेल. १० किलो घेऊन १२ किलोमीटर चालून आलास, दुसऱ्या दिवशी नडगी दुखली नाही आणि तळव्याला फोड नसला, तर २० किलो ओढत लंगडत येणाऱ्या मुलापेक्षा तुझी तयारी चांगली आहे. हे ३ आठवडे वाया गेले असे मानू नकोस. सायकलने दम टिकतो आणि पाठ-पोटाचे व्यायाम तर बसून-झोपूनही होतात. हजर होण्याआधीच्या शेवटच्या ८ दिवसांत पिट्ठू खुंटीला टांगून ठेव आणि फक्त हलके चाल. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखे सरळ रेषेत काप, कोपरे खोल घेऊ नकोस. आणि तिथे गेल्यावर नडगी पुन्हा दुखू लागली, तर मागे राहण्याच्या भीतीने लपवू नकोस. पहिल्याच दिवशी उस्तादांना सांग आणि एमआय रूममध्ये (केंद्रातील वैद्यकीय तपासणी कक्षात) दाखव, कारण वेळेवर दाखवलेला पाय लवकर परत मैदानात येतो.