मदत हवी आहे: विषारी अळंबीचा फोटो भिंतीवर लावायचाय

मंडळी, देवगडला आमच्या परसात माडाच्या बुंध्याशी ताटलीएवढ्या पांढऱ्या कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. टोपीखालच्या पापुद्र्यांवर हिरवट झाक आहे, म्हणजे बहुधा क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस. खाल्ली तर उलट्या-जुलाब ठरलेले. आई वारुळावरची अळंबी आवडीने करते, पण हिला काठीनेही शिवत नाही. दिसते मात्र देखणी!

चिखलात गुडघे टेकून फोटो काढले, तर पांढरी टोपी दरवेळी जास्त उजेडाने जळल्यासारखी, नुसती पांढरीफटक येते आणि लेन्सवर वाफ धरते. एक्स्पोजर (कॅमेऱ्यात जाणारा उजेड) किती कमी करू? 24 मेगापिक्सेलचा फोटो 16 बाय 24 इंचांवर 250 डीपीआयने (इंचाला 250 ठिपके) बसतो, तो हिशेब झालाय. प्रिंट कॅनव्हासवर घेऊ की मॅट कागदावर? श्रावणात आमच्या भिंतींना ओल येते. मागच्या फ्रेममध्ये खरीखुरी बुरशी उगवली होती.