नदीकाठचं झुडूप ओळखायला मदत हवी: रानातली नीळ की लागवडीतली?

पुराचं पाणी जिथवर चढतं, त्या खडकांच्या भेगांत हे झुडूप वाढलंय. उंची कमरेइतकी, फांद्या लवचिक आणि सगळ्या प्रवाहाच्या दिशेला कललेल्या. काठापासून वर माळावर याचं एकही रोप दिसत नाही. नेमकी जागा मुद्दाम लिहीत नाही. झाड दुर्मीळ निघालं तर उपटून नेणारे आधी पोचतात.

कूळ वाटाण्याचंच, यात शंका नाही. फूल फिकट गुलाबी, जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचं, पण ध्वज (वरची मोठी पाकळी), दोन पंख (बाजूच्या पाकळ्या) आणि खालची नौका (जुळलेल्या दोन पाकळ्या) स्वच्छ दिसतात. दहा पुंकेसरांपैकी नऊ जुळलेले, एक सुटा. पान संयुक्त, ७ ते ११ पर्णिका, टोकाला एकटी. फुलोरा पानाच्या बगलेत, पानापेक्षा आखूड. शेंग बारीक, जवळपास सरळ, साधारण ३ सेंटिमीटर.

शेवरी नाही, तिला टोकाची एकटी पर्णिका नसते. खुळखुळ्याची शेंग फुगीर असते आणि त्याचे दहाही पुंकेसर एकत्र जुळलेले असतात. उन्हाळी नावाची वनस्पती वाटत होती, पण तिची पर्णिका ओढली की बाणाच्या पिसांसारखी तिरकी तुटते; ही तशी तुटत नाही. म्हणून निळीकडे, इंडिगोफेराकडे, मन वळतंय.

पण मग ही मूळची रानातली, की कधीकाळच्या लागवडीतून निसटलेली? या काठाला दगडी बांध घालायचं घाटतंय. मूळची असेल तर काम सुरू व्हायच्या आत तिचं नाव घेऊन बोलता यायला हवं. नुसतं ‘रान’ म्हणून ती साफ झाली तर फार वाईट वाटेल. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
वर्णन छान दिलंत. कोवळ्या फांदीवरची लव भिंगातून पाहा. प्रत्येक केस मधोमध चिकटलेला आणि दोन्हीकडे फाटा गेलेला असेल, तर इंडिगोफेराचीच दाट शक्यता. तिच्या परागकोशालाही बारीक टोक असतं.

लागवडीच्या निळींपैकी अमेरिकेतून आलेल्या सफ्रुटिकोसाची शेंग आखूड आणि चांगलीच वाकडी असते, म्हणजे ती बाद. टिंक्टोरियाची शेंग मात्र तुम्ही लिहिलीत तशीच असते, त्यामुळे तिला इतक्यात बाद करता येणार नाही. एका शेंगेत बिया किती, ते मोजून कळवा.

झुडूप उपटू नका. फूल आणि शेंग दोन्ही असलेली एकच फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि फुलाचा रंग तिथल्या तिथे लिहून ठेवा, वाळल्यावर तो उडतो. असा नमुना हर्बेरियममधल्या (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या) नमुन्यांशी ताडून पाहता येईल, फोटोवरून जातीपर्यंत पोचणं कठीण आहे.