मदत हवी आहे: लम्पीत बैलबाजार बंद ठेवून खरंच उपयोग होतो का?

तालुक्यात लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी उठवणारा साथीचा रोग) आल्यापासून आठवडी बैलबाजार बंद आहे, जनावरांच्या वाहतुकीलाही मनाई आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांवरच्या २००९च्या केंद्रीय कायद्याखाली असा आदेश काढता येतो, २०२२ मध्ये राज्यभर निघालाही होता, तेव्हा अधिकाराबद्दल शंका नाही.

अडचण अशी. हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामुळे पसरतो. माशी काही गावाची शीव बघून थांबत नाही. आजारी जनावर टेम्पोतून दूर गेलं की रोगही तिथवर पोचतो, हे मला पटतं. पण मग ऊसतोडीच्या बैलजोड्या ट्रकमधून कारखान्यांकडे निघाल्यात, त्यांचं काय? बंदी फक्त बाजारावर राहिली तर भुर्दंड नुसता आमच्यासारख्यांना, असं मनापासून वाटतं.

मला एक गाभण गाय विकायची आहे, कडबा संपत आलाय. लम्पीसाठी देतात ती शेळ्यांच्या देवीची लस टोचलेली आहे, कानात बिल्ला आहे, ताप नाही, अंगावर एकही गाठ नाही. गोठ्यात गोचीडनाशक फवारतो, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करतो. दवाखान्यात विचारलं, तर ‘वरून आदेश आहे’ एवढंच उत्तर मिळालं. दारात येणारा व्यापारी निम्म्या भावात मागतोय. शेजारच्या गावात गिऱ्हाईक तयार आहे, गाय चालत नेता येईल. माणसाला लम्पी होत नाही हे माहीत आहे, तो मुद्दा नको.

पशुवैद्यक मंडळी किंवा ज्यांनी बंदीच्या काळात जनावर विकलंय त्यांनी सांगावं: बाजार बंद केल्याने फैलाव खरंच किती रोखला जातो? आणि लस टोचल्यावर किती दिवसांनी, कोणता दाखला घेऊन गाय शेजारच्या गावात रीतसर नेता येते?