कोल्हापूरचं पॅलेस थिएटर नेमकं कुठं होतं?

वहीवाला:
नमस्कार मंडळी. घर आवरताना आजोबांची खर्चाची वही सापडली, १९५० सालची. दूध, रॉकेल, धोबी असं सगळं लिहिलंय आणि मधेच एका ओळीत 'पॅलेस थेटर, नाटक, तिघं' एवढंच. आजोबा तेव्हा कोल्हापूरला नोकरीला होते. मी मॅपवर शोधलं तर या नावाचं काही सापडेना. एक मित्र म्हणतो ती टॉकीज होती, पाडली असेल. दुसरा म्हणतो गायक-नट केशवराव भोसल्यांनी स्वतःचं नाट्यगृह बांधलं होतं ना जे मागे जळालं, तेच हे. कुणाला खरं माहितीय का?

खासबागवाला:
तुमचा दुसरा मित्र अर्धा बरोबर आहे. जागा तीच, पण बांधलं केशवरावांनी नाही हो, राजर्षी शाहू महाराजांनी. १९०२ ला महाराज युरोपला गेलेवते, तिथं रोममधली जुनी प्रेक्षागृहं बघितली आणि ते डोक्यात बसलं. मग आधी खासबागचं कुस्ती मैदान झालं आणि त्याला पाठ लावून हे थिएटर, १९१३ ला काम सुरू आणि १९१५ ला तयार, त्या काळात दोन वर्षात! एका भिंतीपलीकडं नाटक, अलीकडं कुस्ती, असली जोडी दुसरीकडं कुठं असेल तर सांगा मला. मैदानाकडं तोंड करून जे उघडं स्टेज होतं ते या थिएटरच्या स्टेजच्या बरोबर मागंच. नाव तेव्हा पॅलेस थिएटरच, १९५७ ला बदलून केशवराव भोसले नाट्यगृह केलं, म्हणजे तुमच्या आजोबांनी वहीत बरोबरच लिहिलंय. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून पॅलेस थेटरच म्हणतात, रिक्षावाला नवा असला की मग वांदे.

तिसरी_घंटा:
वरच्यांनी इमारतीचं सांगितलं, मी माणसाचं सांगते, कारण आजकाल बऱ्याच जणांना केशवराव म्हणजे नुसतं नाट्यगृहाचं नाव वाटतं. जन्म कोल्हापूरचाच, ९ ऑगस्ट १८९०. घरची गरिबी, त्यामुळं लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले, 'शारदा' नाटकातली शारदाच करायचे आणि त्यातलं 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणायला लागले की थिएटर डोक्यावर. १९०८ ला हुबळीला स्वतःची कंपनी काढली, ललितकलादर्श, वय बघा, अठराही पूर्ण नव्हतं!! आणि १९२१ च्या जुलैत मुंबईला तो गाजलेला संयुक्त मानापमान, म्हणजे 'मानापमान' नाटकाचा दोन कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग, बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर, पैसे सगळे टिळक स्वराज्य फंडाला. बालगंधर्वांच्या आणि केशवरावांच्या कंपन्यांची चढाओढ केवढी होती ते माहीत असेल तर हे दोघं एका स्टेजवर येणं म्हणजे काय हे कळेल. त्याला तीन महिने होत नाहीत तोवर ४ ऑक्टोबरला केशवराव गेले, विषमज्वरानं, एकतीस वर्षांचं वय. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले.
आणि माईक नव्हते हं तेव्हा. मागच्या बाकावरच्या माणसाला नुसतं ऐकू जाऊन चालायचं नाही, त्याच्याकडून वन्समोअर यायला पाहिजे, तेही ऑर्गन तबल्याच्या वरून. आता कॉलर माईक लावूनही आमच्या एका नटाचं पाठांतरच ऐकू येत नाही ते सोडा.

खासबागवाला:
आगीचं राहिलं. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. तारीख बघा, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. मी जेवून शतपावलीला बाहेर पडलोवतो, आकाश लाल दिसलं, आधी वाटलं कुठलं तरी गोडाऊन असेल. जवळ गेलो तर छपराच्या पत्र्यांचा आवाज येत होता, तापून वाकताना येतो ना तसला, आणि आत सगळं लाकूड, मग काय राहणार. मैदानाकडचं उघडं स्टेज पण गेलं. रस्त्यावर ही गर्दी पण कोण बोलत नव्हतं, माझ्या शेजारचा एक बॅकस्टेजवाला नुसता खाली बसलावता. सकाळी जयंतीला सगळे रंगकर्मी आले ते जळक्या वासातच.
पण 'जळून खाक, काहीच उरलं नाही' असं जे फिरत होतं ते खरं नाही. पुढची दगडी बाजू उभी राहिली. आधी होतं तसंच परत बांधायचं सरकारनं जाहीर केलं. मला 'तसंच' या शब्दाचीच काळजी आहे, कारण तसंच म्हणून चकचकीत हॉल बांधलेले आपण लई बघितलेत.

तिसरी_घंटा:
+१. खुर्च्या मऊ नसल्या तरी चालतील, आवाज तेवढा तसाच घुमू दे.
वहीवाले, 'तिघं' म्हणजे कोण कोण ओ? नाटक कुठलं ते कळलं का?

वहीवाला:
मंडळी, खूप आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. तिघं म्हणजे आजोबा, आजी आणि मोठी आत्या, बाबा तेव्हा झालेच नव्हते. आत्याला फोन लावला. ती म्हणते नाटक कुठलं ते देवाला माहीत, मी पहिल्या अंकातच झोपले, घरी येताना अण्णांच्या (म्हणजे आजोबांच्या) खांद्यावर जाग आली आणि अण्णा रस्ताभर गात होते, एकदम बेसूर, तेवढंच आठवतंय.