आतड्याचा कॅन्सर, लिम्फ नोड आणि हिरड्यांतले जिवाणू: बाबांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. बाबांच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. रिपोर्टमध्ये १८ लिम्फ नोड (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींची छोटी केंद्रं) तपासलेत, त्यातल्या २ मध्ये कॅन्सरच्या पेशी निघाल्या. म्हणजे एन१बी (दोन-तीन नोडपर्यंत पोचलेला), तिसरी स्टेज. केमो लवकरच सुरू होईल. इथपर्यंत सगळं डॉक्टरांनी नीट समजावलंय.

मी अडकलेय ती दुसऱ्याच गोष्टीत. बाबांच्या वाचनात फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम आला. हा मुळात तोंडातला, दातांवरच्या किटणात राहणारा जिवाणू. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांना तो आतड्याच्या गाठींमध्ये सापडला. जिथे तो जास्त, तिथे कॅन्सर लिम्फ नोडपर्यंत गेलेला जास्त आढळला, असं त्यातल्या एका गटाने नोंदवलं. बाबांच्या हिरड्यांतून वर्षानुवर्षं रक्त यायचं. आई दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणायची, ते आज-उद्या करत राहिले. आता रोज रात्री आरशासमोर उभे राहून ओठ वर करून हिरड्या बघत बसतात. काल मला विचारलं, "माझ्या हलगर्जीपणामुळेच पसरलं का गं हे?"

मी वाचलं त्यावरून हा जिवाणू फॅडए नावाच्या प्रथिनाने पेशींना चिकटतो आणि त्यांच्या वाढीला जोर देतो. २०१७ च्या अभ्यासात तो यकृतात पसरलेल्या गाठींतही जिवंत सापडला, आणि उंदरांमध्ये मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकने गाठीची वाढ मंदावली. पण ते उंदीर. शिवाय हा जिवाणू निरोगी माणसांच्या तोंडातही असतो आणि सगळ्याच गाठींत सापडत नाही. सोबत आढळला म्हणजे त्यानेच पसरवलं असं होत नाही, हे मी बाबांना परोपरीने सांगतेय. माझ्या तोंडून त्यांना ते पटत नाही.

कुणी डॉक्टर किंवा या क्षेत्रातले असाल तर सांगा: काढलेल्या गाठीत हा जिवाणू तपासून उपचारात आज काही फरक पडतो का? बाबा मेट्रोनिडॅझोल स्वतःहून घ्यायचं म्हणताहेत, मी थांबवून ठेवलंय. आणि हिरड्यांची साफसफाई केमोच्या आधी उरकायची तर मध्ये किती दिवस हवेत? केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यावर तोंडातला संसर्ग महागात पडेल, याची मला खरी धास्ती आहे. एक नातेवाईक प्रोबायोटिक (पोटासाठीचे 'चांगले' जिवाणू) द्या म्हणून मागे लागलेत, पांढऱ्या पेशी कमी असताना तेही द्यावं का, हे विचारायचंय.

आणि ज्यांच्या घरी रुग्णाने असा दोष स्वतःवर घेतला होता, त्यांनी काय बोलून तो उतरवला, तेही लिहा. गुरुवारी ऑन्कोलॉजिस्टना भेटायचंय.